लॉरेन गाडीतून उतरते तेव्हा

प्रेमाची कादंबरी वाचून डोळे भरून आले, असे चळवळीतल्या माणसाने चारचौघांत सांगायचे म्हणजे अजूनही अवघडच वाटते. आपल्याकडे वाचन म्हणजे विचारांचे वाचन. खंड वाचावेत, चरित्रे वाचावीत, आत्मकथने वाचावीत; पण प्रेमकथा? तो पोट भरलेल्यांचा दुपारचा विरंगुळा, अशी आपली समजूत झालेली आहे. ही समजूत उगीच झालेली नाही. ना. सी. फडक्यांच्या जमान्यापासून मराठीतल्या प्रेमाच्या कादंबरीने आपल्याला जे जग दाखवले, त्यात नायिकेच्या साडीचा रंग कळायचा, पण ती साडी कोणी धुतली ते कळायचे नाही. नायकाच्या बंगल्यात चहाचा ट्रे यायचा, पण तो आणणाऱ्या बाईला मुलगा आहे काय, तो शाळेत जातो काय, असा प्रश्न त्या कादंबरीला कधी पडत नसे. मग ती वाचून आपल्या डोळ्यांत पाणी का यावे?

म्हणूनच आयर्लंडमधल्या एका तरुण लेखिकेच्या प्रेमकादंबरीविषयी आज मुद्दाम लिहितो आहे. सॅली रूनी हे तिचे नाव. जन्म १९९१ चा, आयर्लंडच्या पश्चिमेकडील मेयो परगण्यातला. आपण मार्क्सवादी विचारांच्या आहोत, हे तिने जाहीरपणे सांगितलेले आहे. तिची ‘नॉर्मल पीपल’ ही कादंबरी २०१८ साली आली, बुकर पुरस्काराच्या पहिल्या लांब यादीत गेली, लाखो प्रती खपल्या आणि २०२० साली तिच्यावर बारा भागांची दूरचित्रवाणी मालिकाही निघाली. जगभरातील तरुण मुले-मुली ही कादंबरी वाचून रडली. आपल्याकडेही इंग्रजी वाचणाऱ्या मुला-मुलींच्या हातात ती दिसते. मीही ती वाचली आणि माझेही डोळे भरले. मात्र ज्या पानावर भरले ते पान प्रेमिकांच्या भेटीचे नाही, ताटातुटीचेही नाही. ते पान एका घरकाम करणाऱ्या बाईचे आहे.

गोष्ट अशी. कॅरिकली नावाचे एक काल्पनिक गाव. काळ जानेवारी २०११. आयर्लंडची बँकव्यवस्था कोसळलेली, दोनच महिन्यांपूर्वी देशाने युरोपीय संघ आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधीपुढे मदतीसाठी हात पसरलेले. अशा वेळी एक शाळकरी मुलगा एका मोठ्या घराची घंटा वाजवतो. त्याचे नाव कॉनेल. दार उघडते त्याच्याच वर्गातली मेरियन. तिची आई वकील आहे. कॉनेल तिला भेटायला आलेला नाही. तो आपल्या आईला न्यायला आलेला आहे. त्याची आई लॉरेन या घरात साफसफाईचे काम करते. ती स्वयंपाकघरात हातातले रबरी मोजे काढते आहे आणि मुलगा उभा आहे. प्रेमकथा सुरू होते ती इथे. आपल्या वाचकाला इथेच खुर्चीत सरळ बसावेसे वाटते, कारण या दारात उभे राहणे म्हणजे काय, हे त्याला कोणी समजावून सांगायची गरज नसते. आईची सुटी होईपर्यंत मालकाच्या दाराशी थांबलेली मुले आपल्या वस्त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेली आहेत.

कॉनेल आणि मेरियन एकमेकांच्या प्रेमात पडतात. शाळेत मात्र चित्र उलटे आहे. कॉनेल हुशार, मैदानावर गाजलेला, सर्वांचा आवडता. मेरियन श्रीमंत असली तरी एकटी, विक्षिप्त समजली जाणारी, सर्वांच्या थट्टेचा विषय. म्हणून कॉनेल तिला सांगतो की आपले हे कोणाला कळू द्यायचे नाही. ती कबूल होते. दुपारी तो तिच्याजवळ असतो आणि सकाळी शाळेच्या व्हरांड्यात तिला ओळखही देत नाही. शाळा संपताना तिथे मुला-मुलींचा एक समारंभ असतो, जोडीने जायचा. कॉनेल त्या समारंभाला मेरियनला नेत नाही. दुसऱ्या एका मुलीला विचारतो.

लॉरेनला हे गाडीत कळते. मुलगा गाडी चालवतो आहे, ती शेजारी बसलेली आहे. मेरियनशी त्याचे काय आहे, हे तिने केव्हाच ओळखलेले आहे. ज्या मुलीकडे तू रोज जातोस तिला सोडून दुसरीला कसे नेतोस, हा तिचा साधा प्रश्न आहे. मुलाकडे उत्तर नाही. तेव्हा ती त्याला सांगते की तिला त्याची लाज वाटते. गाडी थांबवायला लावते, उतरते आणि बसने घरी जाते.

एवढाच प्रसंग. दीड-दोन पानांचा. पण वाचकहो, या दीड पानाने मला हलवले. कारण इथे सगळी व्यवस्था उलटी झालेली आहे. ज्या घरात लॉरेन फरशी पुसते, त्या घरच्या मुलीची बाजू ती आपल्या पोटच्या मुलाविरुद्ध घेते. मालकाची लेक म्हणून ती मेरियनची बाजू घेत नाही. एक माणूस दुसऱ्या माणसाला वापरतो आणि चारचौघांत नाकारतो, हे तिला सहन होत नाही म्हणून घेते. मेरियनच्या घरात पैसा आहे, पदवी आहे, कायद्याचे ज्ञान आहे. पण माणसाशी कसे वागावे हे त्या घरात कोणालाच ठाऊक नाही. तिचा मेलेला बाप बायकोला आणि मुलीला मारत असे. भाऊ तिला छळतो, शेवटी तिचे नाक फुटण्यापर्यंत वेळ येते. आई बघत राहते. त्या घरातला कचरा काढणारी बाई मात्र नीतिमान आहे. सुसंस्कृतपणाचा आणि संपत्तीचा संबंध नसतो, हे आपण भाषणांतून शेकडो वेळा सांगितले असेल. रूनीने ते एका बाईला गाडीतून उतरवून सांगितले.

लॉरेन अविवाहित माता आहे. शिकायच्या वयातच तिला दिवस गेले आणि तिने मुलाला एकटीने वाढवले. याचा अर्थ कळण्यासाठी आयर्लंडचा इतिहास थोडा पाहावा लागतो. लग्नाविना आई झालेल्या आणि अशाच ‘बिघडलेल्या’ ठरवलेल्या मुलींना त्या देशात धार्मिक संस्थांच्या धोबीखान्यांत कोंडले जाई. त्यांना मॅग्डेलीन लाँड्री म्हणत. तिथे त्या पगाराविना इतरांचे कपडे धूत. पाप धुण्याच्या नावाखाली चाललेली ती वेठबिगारीच होती. अशी शेवटची लाँड्री १९९६ साली बंद झाली, म्हणजे कॉनेल लहान मूल असताना. सरकारच्या वतीने पंतप्रधान एंडा केनी यांनी त्या स्त्रियांची माफी मागितली ती २०१३ साली. अशा देशात, अशा काळात एका मुलीने आपले मूल स्वतःजवळ ठेवले, घरकाम केले, त्याला शिकवले. लाज म्हणजे काय हे समाजाने तिला पुरेपूर शिकवले असणार. म्हणून मुलाने दुसऱ्या मुलीच्या वाट्याला लाज आणली तेव्हा ती ओळखायला लॉरेनला वेळ लागला नाही.

पुढे कॉनेलला मित्राकडून कळते की त्याचे हे गुपित सर्वांना माहीत होते आणि कोणाला त्याचे फारसे काही वाटलेही नव्हते. ज्या भीतीपायी त्याने एका मुलीला इतके दुखावले की ती शाळेत येईनाशी झाली, ती भीती पोकळ होती. हे वाचताना आपल्याकडील वाचकाच्या मनात दोन भावना एकदम येतात. पहिली कॉनेलविषयीच्या रागाची. अरे, तुझ्या मानेवर कोणी कोयता धरला होता काय? दुसरी स्वतःच्या भूमीविषयीची. कारण इथे तो कोयता खरोखरच असतो. तेव्हाच्या अहमदनगर, आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात सोनईला २०१३ च्या पहिल्याच दिवशी आपल्या तीन तरुणांची हत्या झाली. त्याच जिल्ह्यात खर्ड्याला २०१४ साली सतरा वर्षांचा एक शाळकरी मुलगा मारला गेला. वरच्या जातीच्या मुलीशी बोलल्याच्या संशयावरून. त्या खटल्यातील आरोपी २०१७ साली न्यायालयातून निर्दोष सुटले. आपल्याकडे मुलगा-मुलगी नाते लपवतात ते पुष्कळदा लाजेने नव्हे, जिवाच्या भीतीने. तेव्हा आयर्लंडमधल्या वर्गाच्या लाजेला आपल्या जातीच्या दहशतीसारखे समजण्याची चूक कोणी करू नये. कॉनेलला त्याचे आडनाव कोणी विचारत नाही. त्याच्या स्पर्शाने कोणाचे पाणी बाटत नाही.

पण म्हणून आपल्यात ती दुसरी लाज नाही, असेही म्हणता येणार नाही. नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’तला जब्या आठवा. डुकरे धरण्याचे काम त्याच्या कुटुंबाच्या वाट्याला आलेले आहे आणि ते करताना शालूने आपल्याला पाहू नये म्हणून तो जिवाचा आटापिटा करतो. त्याला मरणाची भीती नाही. तिच्या नजरेची भीती आहे. आजही महाविद्यालयात, वसतिगृहात, कंपनीच्या कँटीनमध्ये आपली किती मुले आडनाव पुटपुटून सांगतात, आई काय करते असे विचारल्यावर विषय बदलतात! व्यवस्था बाहेरून मारते हे आपल्याला ठाऊक आहे. ती आत शिरून आपल्याच माणसाला नाकारायला लावते, हे अधिक भयंकर आहे. कॉनेल मेरियनला लपवतो तेव्हा तो आपल्या आईच्या कामालाही लपवत असतो, कारण त्यांचे नाते उघड झाले तर दोघे कुठे भेटले, हा प्रश्न येणारच.

कादंबरीचा उत्तरार्ध डब्लिनला घडतो. दोघेही ट्रिनिटी कॉलेजात जातात. १५९२ साली स्थापन झालेले हे विद्यापीठ. इथे मेरियन एकदम सर्वांना हवीहवीशी होते आणि कॉनेल कोपऱ्यात जातो. त्याचे कपडे साधे, बोलण्याची ढब गावाकडची. वर्गात इतर मुले न वाचलेल्या पुस्तकांवर तास न्‌ तास आत्मविश्वासाने बोलतात. हा सगळे वाचून येतो आणि गप्प बसतो. आपल्यातून पहिल्यांदा मोठ्या विद्यापीठात गेलेल्या कोणालाही हे पान वाचून दाखवा. तो सांगेल की हा वर्ग मी पाहिलेला आहे.

२०१२ च्या उन्हाळ्यात उपाहारगृहातले त्याचे काम कमी होते. खोलीचे भाडे द्यायला पैसे उरत नाहीत. मेरियनकडे शहरात एक अख्खे घर आहे आणि तो बहुतेक रात्री तिथेच असतो. सुटीपुरता तुझ्याकडे राहू का, एवढेच त्याला विचारायचे आहे. हे एक वाक्य त्याच्या तोंडून निघत नाही. मी उन्हाळ्यात गावी जातो आहे, एवढेच तो सांगतो. तिला वाटते, याला आपण नको आहोत. त्याला वाटते, हिने आपल्याला थांबवले नाही. दोघे वेगळे होतात. भांडण नाही, दुसरा कोणी मध्ये नाही, घरच्यांचा विरोध नाही. केवळ भाड्याचे पैसे नव्हते आणि ते सांगता आले नाही, म्हणून एक प्रेम मोडते.

पुष्कळ वाचकांना हा प्रसंग पटत नाही. एवढे साधे विचारायला काय झाले होते, असे ते म्हणतात. ज्याने कधी काही मागायची वेळच अनुभवलेली नाही, त्याला तो पटणार नाही. ज्याच्या आईने त्याच घरातून पगार घेतलेला आहे, त्याने त्याच घराच्या मुलीकडे निवारा मागायचा म्हणजे काय, हे आपल्याला कळते. मागणे आणि भीक यांतली रेघ गरिबाच्या मनात फार खोल कोरलेली असते. बाबासाहेबांनी आपल्याला स्वाभिमान दिला. गावकीचे उष्टे, शिळे, मेलेले सोडायला शिकवले. तो आपल्या माणूसपणाचा पाया आहे. पण त्या स्वाभिमानाच्या नावाखाली आपण एक मुकेपणही पाळून ठेवले आहे काय, हा प्रश्न या पानावर माझ्या मनात आला. फी भरायला पैसे नाहीत हे मुलगा मित्राला सांगत नाही. नोकरी सुटली हे नवरा बायकोला सांगत नाही. मन खचले आहे हे कोणीच कोणाला सांगत नाही. सरकारकडे हक्क मागायला आपण शिकलो; जवळच्या माणसाकडे आधार मागायला शिकलो नाही. जिथे समानता आहे तिथे मागण्यात कमीपणा नसतो. किंबहुना मागता येणे, हीच समानतेची खूण असते.

पुढे कॉनेलला शिष्यवृत्ती मिळते. फी माफ, राहायला खोली, संध्याकाळचे जेवण. मेरियनलाही तीच शिष्यवृत्ती मिळते. तिला तो एक मान वाटतो; त्याच्यासाठी मात्र सगळे जगच उघडते. तो युरोप पाहतो, परदेशातली शहरे आणि चित्रे पाहतो, आणि हे सगळे इतके दिवस केवळ पैशामुळे आपल्यापासून दूर होते हे त्याला उमगते. शिष्यवृत्ती म्हणजे उपकार नव्हे, जगात पाऊल ठेवण्याचा रस्ता, हे या कादंबरीइतके साधेपणाने क्वचितच कोणी लिहिले असेल. शिष्यवृत्तीची रक्कम वेळेवर मिळेल की नाही, या चिंतेत सत्र काढणाऱ्या विद्यार्थ्याला ही पाने वाचताना हसू येईल आणि रडूही.

पण शिष्यवृत्तीने सगळे सुटत नाही. गावाकडचा एक मित्र आत्महत्या करतो आणि कॉनेल कोलमडतो. तो विद्यापीठाच्या समुपदेशकाकडे जातो. त्याला तिथे जाताना कमीपणा वाटतो, तरी तो जातो, एवढे तरी आपल्या तरुणांनी त्याच्याकडून जरूर घ्यावे.

या कादंबरीत एक लहानसा प्रसंग आहे, जो या लेखाच्या विषयाला थेट भिडतो. कॉनेल ग्रंथालयात जेन ऑस्टिनची ‘एमा’ वाचत बसलेला आहे. दोनशे वर्षांपूर्वीची, १८१५ सालची कादंबरी. कोणाचे लग्न कोणाशी होणार, अशा अवघड जागी कथा आलेली असते आणि ग्रंथालय बंद होण्याची वेळ होते. तो पुस्तक मिटून बाहेर पडतो आणि अस्वस्थ होऊन घरी चालत जातो. त्याचे त्यालाच हसू येते. जग एवढे प्रश्नांनी भरलेले असताना आपण हे काय घेऊन बसलो, असे त्याला वाटते. घरकाम करणाऱ्या बाईचा मुलगा जमीनदारांच्या मुलींच्या लग्नांची काळजी करतो आहे! पण त्याचे हे अस्वस्थ होणे खोटे नाही. दुसऱ्याच्या मनात शिरून त्याचे सुखदुःख सोसण्याची ताकद म्हणजेच करुणा. तथागतांचा वारसा सांगणाऱ्यांनी तिला विरंगुळा म्हणून हिणवू नये. प्रश्न एवढाच असतो की ही करुणा पुस्तकातल्या कोणापर्यंत पोहोचते.

शेवटी कॉनेलला न्यूयॉर्कला लेखन शिकायला जाण्याची संधी येते. मेरियन त्याला जा म्हणते. मी इथे आहे, असे सांगते. कादंबरी तिथे संपते. शिकायला निघालेला एक माणूस, न्यूयॉर्क आणि मागे राहणारी एक स्त्री. हे वाचताना आपल्या वाचकाचे मन कुठे जाणार, हे सांगायला नको. १९१३ साली सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर एक तरुण न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेला आणि रमाई मागे राहिली. दोन्हींची तुलना मी करीत नाही. मेरियनकडे घर आहे, पैसा आहे, पदवी आहे. रमाईकडे दारिद्र्य होते आणि जबाबदारी होती. पण ग्रंथ लिहिणाऱ्या बाबासाहेबांनी १९४० सालचा ‘थॉट्स ऑन पाकिस्तान’ हा राजकीय ग्रंथ आपल्या रामूच्या स्मृतीस अर्पण केला, हे विसरू नये. एवढ्या मोठ्या राजकीय ग्रंथाच्या पहिल्या पानावर प्रेमाला जागा होती. ज्या चळवळीच्या नेत्याने १९३६ साली जातिनिर्मूलनाचा खरा उपाय आंतरजातीय विवाह हा सांगितला, त्या चळवळीला प्रेम हा दुय्यम विषय वाटण्याचे कारण नाही. आंतरजातीय विवाहाच्या आधी दोन माणसांनी एकमेकांवर प्रेम करावे लागते, आणि ते दिवसाउजेडी करता यावे लागते.

रूनीच्या कादंबरीविषयी माझी एक तक्रार मात्र आहे. कथा कॉनेल आणि मेरियन यांच्याच नजरेतून आलटून पालटून सांगितलेली आहे. लॉरेनच्या मनात आपल्याला शिरू दिलेले नाही. तिने कोणावर प्रेम केले होते, त्याने तिला कसे सोडले, मालकिणीच्या घरात मालकिणीच्या लेकीची काळजी वाटताना तिला काय वाटत होते, बसच्या खिडकीशी बसून ती रडली काय, हे पुस्तक सांगत नाही. सगळ्यांत मोठ्या मनाची बाई पुन्हा कडेलाच राहिली.

ही उणीव आपणही भरून काढलेली नाही. आपल्या आत्मकथनांनी आईला साहित्यात आणले, हे त्यांचे ऋण कधी फिटणार नाही. पण ती आई बहुधा कष्ट करणारी, उपाशी राहणारी, मुलांना शिकवणारी आहे. तिच्या स्वतःच्या प्रेमाविषयी आपण फारसे विचारले नाही. उर्मिला पवारांनी ‘आयदान’मध्ये नवरा-बायकोच्या नात्याविषयी मोकळेपणाने लिहिले, ती वाट पुढे रुंद व्हायला हवी होती. महाराष्ट्रात २००८ साली घरकामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा झाला; कायद्याने त्यांना कामगार म्हटले. साहित्याने त्यांना प्रेम करणारी माणसे म्हणायचे अजून बाकी आहे.

तेव्हा आपल्या मुला-मुलींच्या हातात प्रेमाची कादंबरी दिसली तर कपाळाला आठ्या घालू नका. त्यांना एवढेच विचारा: वाचताना तुला कोणाचे दुःख झाले? फक्त नायक-नायिकेचे, की फरशी पुसणाऱ्या बाईचेही? उत्तर मिळाले की पुढचे बोलणे आपोआप होईल. आणि ज्याला लिहिता येते, त्याने लॉरेनची कादंबरी मराठीत लिहायला घ्यावी. आपल्या वस्तीत तिची ओळख करून द्यावी लागणार नाही.